गोडिथ परटीण आणि उत्तरेची भिंत

गोडिथचं धोपटणं माझ्या तबेल्यात कोपऱ्यात पडलंय. नवी परटीण आली, तिनं ते घ्यायला साफ नकार दिला. म्हणाली, फार जड आहे, हात मोडतील माझे. मोडतीलच! गोडिथचे मोडलेलेच होते, फक्त तिनं कुणाला सांगितलं नाही. मला ते फेकवत नाही, आणि ठेवून काय करायचं तेही कळत नाही.

मी वुल्मर. वेनबर्नच्या मठात घोडी-खेचरं बघतो. माझा बापही हेच करायचा. आत काळ्या झग्यातले ब्रदर देवाचं करतात आणि बाहेर आम्ही त्यांचं करतो. गोडिथ त्यांचे कपडे धुवायची. बाईमाणूस, त्यामुळं फाटकाच्या आत पाऊल टाकायची सोय नाही. मळलेले कपडे टोपल्यांतून बाहेर यायचे, धुऊन टोपल्यांतूनच आत जायचे. आत काय चाललंय ते तिला डागांवरून कळायचं. "ब्रदर गर्वेसनं उपासाच्या दिवशी परत मटण हाणलंय," असं ती बाही उलटी करून सांगायची, आणि वर हसायचीसुद्धा नाही. मी मात्र पोट धरून हसायचो.

हसण्यासारखं तिच्या नशिबी फार नव्हतंच म्हणा. नदीकाठच्या फळीवर गुडघे टेकून सकाळ सुरू व्हायची ती उजेड संपेपर्यंत. थंडीत आधी धोपटण्यानं बर्फाचा पापुद्रा फोडायचा, मग कापड बुडवायचं. राखेच्या पाण्यानं बोटांना चिरा पडायच्या, त्यावर ती बदकाची चरबी लावायची आणि पुन्हा पाण्यात हात घालायची. तिचा नवरा नावाडी होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यात नदीला पूर आला आणि माणूस गेला. पोटात पोर होतं. ईस्टरच्या आधी वेदीची सगळी कापडं धुऊन हवी होती, म्हणून ही बाई भरल्या दिवसांची फळीवर बसली होती. कुणी बसवली असं म्हणत नाही मी. कुणी उठवलीही नाही.

तिथंच ती बाळंत झाली. एकटी. पोरगं एकदा रडलं आणि निळं पडायला लागलं. आमच्यात एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की पाद्री जवळ नसला आणि बाळ जायला लागलं तर कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, देव मान्य करतो. पाणी तर काय, अख्खी नदी शेजारी होती. गोडिथनं ओंजळ भरून बाळाच्या डोक्यावर घातली आणि पित्याचं नाव घेतलं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. तिन्ही नावं घेतली तरच बाप्तिस्मा होतो, आणि मधलं राहिलं. पुत्राचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. घाबरली होती, रक्तात बसली होती, कोण काय बोलणार? पोर गेलं.

गावच्या पाद्रीबाबांनी तिला विचारलं, काय काय म्हणालीस ते सांग. तिनं सांगितलं, जसंच्या तसं. पाद्रीबाबा काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, नीट आठव. पुत्राचं नाव घेतलं असशील तू. घाईत विसरतंय तुला." गोडिथ म्हणाली, "नाही घेतलं." तो म्हणाला, "देवाला साक्ष ठेवून पुन्हा आठव गं बाई." बिचारा जवळजवळ हात जोडत होता. ही म्हणाली, "देवाला साक्ष ठेवायचं म्हणताय, मग खोटं कसं बोलू?" झालं! एक शब्द खोटा बोलली असती तर पोर गावच्या दफनभूमीत आजीआजोबांशेजारी झोपलं असतं. बाप्तिस्माच नाही, मग पवित्र मातीत जागाही नाही. मठाच्या उत्तरेच्या भिंतीमागं, जिथं कधी ऊन पोचत नाही, त्या पट्ट्यात तिनं स्वतःच्या हातानं खड्डा केला आणि वर नदीतला एक गोटा ठेवला.

या गोष्टीबद्दल गावात कुणी बोलत नव्हतं. अशा गोष्टींवर बोलायची रीतच नाही. आमच्याही घरात एकदा तसं काही झालं होतं. मी मठाधिपतींची घोडी घेऊन बाजाराला गेलो होतो. परत आलो तर बायको, मेबल, भिंतीकडं तोंड करून झोपलेली आणि मी केलेला पाळणा चुलीत जळून गेलेला. सासू म्हणाली, श्वास घेतलाच नाही. मी काही विचारलं नाही, मेबल काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घोड्यांना दाणा घालायचा होताच.

तर ते असो. सांगतोय गोडिथचं.

मठाच्या अन्नछत्रात गरिबाघरची पोरं ठेवतात. थोडं शिकवतात, जास्त गाऊन घेतात, आणि ब्रदर गर्वेसच्या छडीचा प्रसाद रोजचा. पण सेंट निकोलसच्या दिवशी पोरं आपल्यातला एक बिशप निवडतात, आणि नाताळनंतर, येशू त्यांत असेल म्हणून हेरोद राजानं मारलेल्या बाळांचा सण येतो, तेव्हा एक दिवस त्याचं राज्य. आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत बड्यांना खाली उतरवून लहानांना वर बसवायची ओळ येते, त्या ओळीला ब्रदर लोक उठतात आणि पोरांच्या बाकांवर जाऊन बसतात, हातात मेणबत्त्या धरून. पोरं वरच्या आसनांवर. बिशप झालेलं पोर टोपी आणि अंगठी घालून, दंड घेऊन सगळ्यांत वर. दुसऱ्या दिवशी माझ्या ग्रिझलवर, म्हणजे आमच्या करड्या खेचरावर बसून त्याची मिरवणूक गावातून निघते. लोक गुडघे टेकतात आणि तो हात वर करून आशीर्वाद देतो. लगाम दरवर्षी माझ्या हातात. गुडघे दुखतात, पण सांगायचं कुणाला?

त्या छोट्या बिशपचा पांढरा झगा गोडिथच धुवायची. पोराच्या उंचीप्रमाणं खालची दुमड उसवून किंवा चढवून द्यायची. असे किती बिशप तिच्या हाताखालून गेले. कुणाकडं तिनं काही मागितलं नाही.

त्या साली पोरांनी हॅमोला निवडलं. हॅमो म्हणजे आईबाप तापात गेलेलं, उंच, हाडकुळं पोर. टोपल्या नदीवर पोचवायचं काम त्याच्याकडं होतं, त्यामुळं दिवसातून दोनदा गोडिथकडं यायचा. मी ग्रिझलला पाणी दाखवत होतो तेव्हा हे बोलणं माझ्या कानावर पडलं.

"हॅमो, ठेव ती टोपली. मला तुझ्याकडं काहीतरी मागायचंय," गोडिथ म्हणाली.

"माझ्याकडं? मावशी, माझ्याकडं उवा होत्या, त्याही तूच काढल्यास."

"चावटपणा पुरे. बिशप झालास ना? मी बिशपकडं मागतेय." तिनं धोपटणं खाली ठेवलं. काम करताना तिनं ते खाली ठेवलेलं मी फारसं बघितलेलं नव्हतं. "फाटकातून बाहेर पडलं की मिरवणूक उजवीकडं वळते, पुलावरून गावात. तू डावीकडं वळ. उत्तरेच्या भिंतीपाशी जा, हात वर कर, तुझे शब्द बोल, आणि मग जा बाबा कुठं जायचं ते. तेवढंच."

"तिथं काय आहे?"

"माझं बाळ आहे."

हॅमोनं टोपली खाली ठेवली. मग नाक पुसत म्हणाला, "वळेन."

पोर गेल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, "वेड लागलं का तुला? पोरखेळ आहे तो! गर्वेस त्याची सालटी काढेल नंतर."

"पोरखेळ? मठाधिपती गुडघे टेकतात त्याच्यापुढं. ते खेळायला टेकतात का?"

"बिशप तिकडं लिंकन शहरात बसलाय. खरा."

"मग सांग त्याला, ये म्हणावं भिंतीमागं." ती कण्हत उठली. फळीला धरून उठावं लागलं तिला. "हेरोदानं मारलेल्या त्या बाळांचा तरी कुठं झाला होता बाप्तिस्मा? सांग की! ती सगळी संत झाली. आणि माझं तिथं गवतात. थकले रे मी, वुल्मर. पुढच्या साली तो झगा दुसरं कुणीतरी धुईल. मग मागणार कोण?"

तिचा खोकला मी ऐकत होतोच. पायही सुजलेले दिसत होते. मी खेचराला शिवी दिली आणि निघालो.

आणि मग हॅमोचा आवाज फुटायला लागला.

म्हणजे बघा नशीब. बिशपला आशीर्वाद गाऊन द्यावा लागतो. आवाज गेला तर बिशप बदलणार, आणि बदली तयारच होती. लोकरीच्या व्यापाऱ्याचा पुतण्या लँबर्ट, गुबगुबीत, गोड गळ्याचा, गर्वेसचा लाडका. तो डावीकडं वळायचा? तो तर स्वतःच्या सावलीलाही विचारून वळायचा. गोडिथनं हॅमोला मध पाजला, कांद्याचा रस पाजला, गळ्याला चरबी लावून लोकर गुंडाळली. "बोलू नकोस. अजिबात तोंड उघडू नकोस," असा तिचा धोशा. पोर मुक्यासारखं मान हलवत फिरायचं आणि गर्वेस म्हणायचा, अलीकडं हॅमो किती शहाणा झालाय!

सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नोकर मंडळी देवळात मागं, जाळीबाहेर उभे होतो. त्या संध्याकाळी बायकांनाही देवळात येऊ देतात, म्हणून गोडिथही होती, खांबाला टेकून. ती ओळ आली, ब्रदर लोक उठले, पोरं वर चढली. हॅमो आसनावर बसला. म्हातारे मठाधिपती कसेबसे वाकले आणि त्याच्या अंगठीला ओठ लावले. मग त्यानं हात वर करून गायला सुरुवात केली. पहिले शब्द ठीक गेले. पुढं आवाज एकदम खाली कोसळला, मग गाढवासारखा वर उडाला. पोरं फिदीफिदी हसली. खालच्या बाकांवरचे ब्रदरसुद्धा हसले, मेणबत्त्या हलल्या. हॅमोचे कान लालबुंद. तसंच खरखरत त्यानं शेवटपर्यंत नेलं.

गोडिथनं माझी बाही पकडली. "काढतील का रे त्याला?"

मला तरी काय माहीत? पण बाहेर पडताना गर्वेसचा आवाज ऐकू आला. तो मठाधिपतींच्या मागं लागला होता. "उद्या लँबर्टला बसवू या. शोभा झाली, फादर. गावापुढं आणखी शोभा नको."

म्हातारा म्हणाला, "आसनावर बसला ना तो? मी अंगठीला ओठ लावले ना? मग उद्या संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत त्याला मीही उठवू शकत नाही. झोपू दे मला, गर्वेस."

सणाच्या सकाळी आमच्याकडं पोरांना अंथरुणातच दोन फटके द्यायची रीत आहे, हेरोदाची आठवण राहावी म्हणून. बिशपला तेवढं माफ. बाकीची पोरं पार्श्वभाग चोळत रांगेत उभी होती. धुकं होतं, चिखल होता. मी ग्रिझलला फाटकाशी आणलं. हॅमो टोपी सावरत चढला. पांढरा झगा इतका स्वच्छ, की त्या चिखलात बघवेना. पुढं मेणबत्ती धरून ब्रदर गर्वेस, कारण त्या दिवशी तो बिशपचा सेवक. पुलावर गावातल्या बायका-माणसं वाट बघत उभी होती. त्यात मेबलही होती.

गोडिथ मात्र डावीकडं, भिंतीच्या कोपऱ्यावर उभी होती. एकटी.

फाटक ओलांडलं. गर्वेस उजवीकडं वळला.

"वुल्मरकाका," वरून घोगरा आवाज आला, "डावीकडं."

गर्वेस गर्रकन फिरला. "गावात जायचंय. हे काय? तिकडं रस्ता नाही."

"खेचराला चालतं," हॅमो म्हणाला.

"तिकडं काय आहे ते माहीत आहे का तुला? तिथं आशीर्वाद द्यायला मनाई आहे!"

"कुणाची मनाई?"

"बिशपची!" गर्वेस ओरडला.

हॅमो नुसता खाली बघत राहिला, डोक्यावर ती टोपी. मागच्या पोरांना आधी कळलं, आणि ती खिदळायला लागली. गर्वेसच्या तोंडाकडं बघून मलाच कसंतरी झालं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. लगाम माझ्या हातात होता ना! मी काय मोठा धीट माणूस नाही. पण गोडिथ तिथं कोपऱ्यावर दोन्ही हात शालीत लपवून उभी होती. मी ग्रिझलला डावीकडं वळवलं.

भिंतीमागं गुडघाभर वाळलेलं गवत आणि गिरणीच्या पाटाचं साठलेलं पाणी. गोडिथ पुढं गेली. थांबली. चार पावलं मागं आली. गवत बाजूला सारायला लागली.

"गोटा होता," ती म्हणाली. "इथं गोटा ठेवला होता मी. पांढरा."

मला आठवलं. पाट फुटला तेव्हा गवंड्यांनी या पट्ट्यातले सगळे दगड उचलून बंधाऱ्यात घातले होते. मी सांगितलं तिला. सांगायला नको होतं कदाचित, पण ती हातांनी चिखल उकरायला लागली होती, ते बघवेना. ती वर बघून म्हणाली, "मग कुठं रे? इथंच होतं. का तिथं, त्या काट्याच्या झुडपाशी? मी आई आहे, आणि मला कळेना होय?" आणि ती रडायला लागली. इतकी वर्षं मी त्या बाईला ओळखत होतो. तिला रडताना बघितलं नव्हतं.

हॅमो खेचरावरून खाली उतरला, सरळ चिखलात. त्यानं तिला विचारलं, "नाव काय त्याचं?"

"नाव कुठलं, बाळा? नाव बाप्तिस्म्यात ठेवतात."

"बरं. मी सगळीकडं चालतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग कुठंही असलं तरी पोचेल ना?"

गोडिथनं मान हलवली. हॅमो भिंतीच्या कडेनं चालायला लागला. झग्याची कड गवतात, पाण्यात घासत होती. तो गर्वेसकडं वळून म्हणाला, "ब्रदर, मेणबत्ती पुढं." गर्वेस तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता हा फिरणार आणि फाटकाकडं जाणार. मग त्यानं मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा केला आणि पुढं झाला. पावला-पावलाला हॅमो हात वर करत होता आणि त्या फाटक्या, घोगऱ्या, अर्ध्या पोराच्या आणि अर्ध्या बाप्याच्या आवाजात आशीर्वाद गात होता. आवाज कालच्यापेक्षाही वाईट लागत होता. कुणीही हसलं नाही.

तेवढ्यात मागं पावलं वाजली. पुलावर वाट बघणाऱ्या बायका. मिरवणूक भलतीकडं वळली म्हणून बघायला आल्या असतील, असं मला वाटलं. पण त्या बघत उभ्या राहिल्या नाहीत. भटारणीची म्हातारी आई सरळ झुडपापाशी गेली आणि गुडघ्यावर बसली. पिंपवाल्याची सून पाटाच्या कडेला गेली. आणखी एक, आणखी एक. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाकडं बघितलं नाही. जिला आपली जागा माहीत होती ती तिथं बसली. जिला माहीत नव्हती ती गोडिथजवळ बसली.

मी लगाम धरून उभा होतो आणि मला दिसलं, की मेबल चाललीय. ती थेट भिंतीच्या दूरच्या टोकाला गेली, जिथं दोन दगडांमधून एक बारकं रोपटं वर आलंय. तिथं तिनं हात टेकला. चाचपडली नाही, शोधलं नाही. रोज येत असल्यासारखी गेली.

मी ग्रिझलला तिथंच सोडलं आणि मेबलपाशी गेलो. माझे गुडघे वाकत नाहीत, तरी वाकवले. हॅमो आमच्यासमोर आला. झगा पार मातीत भरला होता. गोडिथला तो पुन्हा धुवायचा होता, आणि तिनं धुतलाही. त्या झग्यानंतर ती फार कपडे धुवू शकली नाही. ईस्टरच्या आधीच गेली. ब्रदर गर्वेस नंतर सगळ्यांना सांगत फिरला, की पोराचा आशीर्वाद संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंतच चालतो. गोडिथला ते कळलं तेव्हा म्हणाली, "चालू दे की. एक दिवस तर मिळाला."

पण ते सगळं नंतर. तेव्हा हॅमोनं हात वर केला, शब्द गायले आणि पुढं गेला. मेबल मातीवर हात ठेवून बसली होती. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"मुलगा होता?"

"मुलगी," मेबल म्हणाली. "तुमच्यासारखं नाक होतं."

मग तिनं शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "अहो, उठा आता. खेचर निघालंय बघा गावाकडं."